गावखेड्यातलं ऑनलाइन सर्वेक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मी समाजशास्त्र शिकवते. एम.ए., एम.एस.डब्ल्यू. आणि पीएच.डी.ची मुलं-मुली, गावात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते, असे सगळे येतात आणि म्हणतात, "मॅडम, ऑनलाइन सर्वे करतोय, फॉर्म पाहून द्या." २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी जाणं बंद झालं तेव्हा नाइलाजाने आपण लिंककडे वळलो. टाळेबंदी उठली, लिंक मात्र राहिली. तेच तेच प्रश्न येतात म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे. उदाहरणं आपल्याच अकरा जिल्ह्यांतली आहेत.

ऑनलाइन सर्वेक्षण म्हणजे गूगल फॉर्मच ना?

गूगल फॉर्म हे फक्त साधन झालं. आधी पाहायचं ते हे, की फॉर्म भरतं कोण. एका प्रकारात तुम्ही लिंक पाठवता आणि उत्तर देणारा आपल्या फोनवर, आपल्या वेळेत, एकटा फॉर्म भरतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही किंवा तुमचा सर्वेक्षक ओसरीवर बसून प्रश्न विचारतो आणि कागदाऐवजी मोबाइलमध्ये उत्तर टिपतो. तिसऱ्यात फोन लावून विचारायचं आणि समोर उघडलेल्या फॉर्ममध्ये भरत जायचं. तिन्हींना मुलं "ऑनलाइन सर्वे" म्हणतात आणि प्रबंधात एकाच शब्दाखाली घालतात. पण तिन्हींच्या चुका वेगळ्या आहेत. खाली मी बहुतेक पहिल्या प्रकाराबद्दल बोलते आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

माझ्या विषयाला लिंक पाठवून केलेलं सर्वेक्षण चालेल का?

तुम्हाला कोणाबद्दल बोलायचं आहे, ते आधी एका वाक्यात लिहा. "गोंडवाना विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतले पदवीचे विद्यार्थी", "वरुड-मोर्शीतले संत्रा बागायतदार", "अकोला जिल्ह्यातले कृषी सेवा केंद्र चालवणारे", "जिल्हा परिषदेचे शिक्षक" असा गट असेल तर चालू शकेल. ही माणसं रोज फोनवर वाचतात-लिहितात, त्यांची कुठे ना कुठे यादी असते आणि लिंक गटातल्या बहुतेकांपर्यंत पोचू शकते.

"यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतमजूर स्त्रिया", "कोलाम पोडांवरचं (आदिवासी वस्त्यांवरचं) आरोग्य", "मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबं" असा गट असेल तर लिंकचा विचार सोडा. मधले बरेच विषय असे असतात की लिंकने थोडं कळतं आणि बाकीचं दारात जाऊनच कळतं. तिथे दोन्ही करावं. कसं, ते पुढे सांगते.

गावात आता घरोघरी स्मार्टफोन आहे. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की फोन घराचा असतो आणि तुम्हाला उत्तर माणसाचं हवं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या लोकांना विचारलं होतं की इंटरनेट कधी वापरलं आहे का. देशभरात ५७ टक्के पुरुष हो म्हणाले आणि ३३ टक्के स्त्रिया. ग्रामीण भागात हेच प्रमाण पुरुषांत साधारण ४९ आणि स्त्रियांत २५ होतं. त्यानंतर फोन नक्कीच वाढले आहेत. पण फोन कोणाच्या खिशात असतो आणि कोणाला मागून घ्यावा लागतो, हा फरक मी अजून प्रत्येक गावात पाहते.

एक प्रसंग सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याचा विषय होता शेतमजूर बायांचं आरोग्य. त्याने गावच्या ग्रुपवर फॉर्म टाकला. बरीच उत्तरं आली आणि तो ती तपासत बसला. एका उत्तरात वय ५८, लिंग स्त्री, काम निंदण आणि वेचणी असं होतं. "काम करून घरी आल्यावर काय त्रास होतो?" या मोकळ्या प्रश्नाखाली लिहिलं होतं: "कंबर दुखते रात्री झोप लागत नाही तरी सकाळी वावरात जातो." त्याने ते उत्तर बाद केलं. म्हणाला, "मॅडम, 'जातो' लिहिलंय, हे कोण्या माणसाने भरलं."

मी त्याला थांबवलं. तो शहरात वाढलेला. आपल्याकडच्या कितीतरी बाया "मी जातो", "मी करतो" असंच बोलतात, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही त्या गावी गेलो. बाई खरी होती, कंबरही खरी होती. फॉर्म मात्र तिच्या बारावीतल्या मुलाने भरला होता. तो वाचत गेला, ती सांगत गेली, आणि तिचे शब्द त्याने जसेच्या तसे टाइप केले. त्याच फॉर्ममध्ये पुढे घरातल्या मारहाणीबद्दल एक प्रश्न होता. त्यावर "नाही" अशी खूण होती. मुलगा पाण्याची बादली घेऊन बाहेर गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "पोराले काय सांगू बाई मी ते?"

म्हणजे एकाच फॉर्ममधलं एक उत्तर आम्ही खोटं समजून फेकणार होतो आणि ते अस्सल होतं. दुसरं आम्ही तक्त्यात मोजलं होतं आणि त्याला काही अर्थ नव्हता. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक फॉर्ममध्ये शेवटी दोन प्रश्न असतात: "हा फॉर्म कोणी भरला? मी स्वतः / घरातल्या दुसऱ्याने / सेवा केंद्रात" आणि "भरताना जवळ कोण होतं?" आणि घरातल्या हिंसेबद्दल, दारूबद्दल, गर्भपाताबद्दल लिंकवर विचारायचं नाही, हे पक्कं ठरवलं.

३८४ उत्तरं जमली की नमुना पुरेसा झाला ना?

हा आकडा मी इतक्या प्रबंधांत पाहिला आहे की त्याची जन्मकथा सांगणं भाग आहे. विश्व, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं तो सगळा गट, खूप मोठं आहे, विश्वासाची पातळी ९५ टक्के, चुकीची मुभा पाच टक्के आणि लोकमत अर्धं-अर्धं विभागलेलं आहे असं धरलं तर सूत्रातून ३८४ च्या आसपास संख्या येते. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये याचा तयार तक्ता छापला. सूत्रात शिरायची गरज उरली नाही आणि आकडा घरोघरी गेला.

पण या हिशेबाला एक अट आहे. विश्वातल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता ठरलेली आणि माहीत असली पाहिजे. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली तर ती असते. ग्रुपवर लिंक सोडली तर नसते. ज्याला वेळ आहे, ज्याला विषयाचा राग किंवा कळवळा आहे, जो तुमच्या मित्राचा मित्र आहे, तो भरतो. असा नमुना सोयीचा नमुना. तो ३८४ चा असो की चार हजारांचा, त्यावर "पाच टक्के चूक" असं लिहिता येत नाही.

मोठ्या आकड्याने काय होतं, हे जगाने १९३६ मध्येच पाहिलं. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या आधारे त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदींतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दाराशी मोटार होती, त्याचं मत गरिबाच्या मतापेक्षा वेगळं होतं. शिवाय पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारेही सारखे नव्हते. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. टेलिफोनच्या यादीच्या जागी गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवा, तुमचा फॉर्म तिथेच उभा आहे.

कोणी म्हणतं, बायांची उत्तरं कमी आली तर त्यांना जास्त भार देऊ, म्हणजे प्रत्येक उत्तर एकाहून जास्त मोजू. थोडी तफावत असेल तर हे करतात आणि ते योग्यही आहे. पण ज्या बायांची उत्तरं आली त्या बहुधा अंगणवाडी सेविका, आशा, बचतगटाच्या अध्यक्ष, कॉलेजच्या मुली असतात. त्यांचं उत्तर तिपटीने मोजलं तरी निंदणाला जाणाऱ्या बाईचं उत्तर त्यात येत नाही. जी आलीच नाही तिला भार कसा देणार?

मग प्रातिनिधिक नमुना हवा असेल तर काय करावं?

ग्रामपंचायतीत घरांच्या कर आकारणीची नोंद असते, नमुना आठ. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना महाविद्यालयाचं पत्र देऊन ती पाहायला मिळते. समजा गावात ६०० घरं आहेत आणि तुम्हाला ४० हवीत. मग दर पंधरावं घर घ्या. सुरुवात कुठून करायची, ते १ ते १५ मधली एक चिठ्ठी उचलून ठरवा. चिठ्ठीत ७ निघाला तर ७, २२, ३७ असं पुढे. घर बंद दिसलं म्हणून शेजारचं घेऊ नका, पुन्हा जा. बंद घर म्हणजे पुष्कळदा मजुरीला बाहेर गेलेलं घर असतं, आणि तेच सोडलं तर गावातला कामकरी भाग गळतो.

नमुना आठमध्येही सगळे नसतात. अतिक्रमणातली घरं, गावापासून दूरचं पोड, एखादा तांडा त्यात सुटलेला असू शकतो. तिथे आशाताईंना विचारा. कोणत्या घरात कोण राहतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. मतदार यादी ताडून पाहा. २०११ नंतर जनगणना झालेली नाही. २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत गावाची जुनी लोकसंख्या घेऊन बसण्यापेक्षा एक दिवस गावात फिरून घरांचा कच्चा नकाशा काढलेला बरा.

आता जोड कशी घालायची ते. निवडलेल्या ४० घरांना आधी लिंक द्या, आठवडा थांबा. ज्यांनी भरलं नाही त्यांच्याकडे तोच फॉर्म घेऊन जा. शेवटी दोन ढिगांची उत्तरं शेजारी मांडा: लिंकवर भरलेल्यांची आणि दारात जाऊन मिळवलेल्यांची. त्यांच्यातला फरक हाच तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा तक्ता ठरेल. माझ्या अनुभवात मुलं हा भाग टाळतात आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली तर?

टाका, पण ग्रुप कोणाचा आहे ते लिहून ठेवा. सरपंचांनी टाकलेली लिंक त्यांच्या पॅनलचे लोक भरतात आणि विरोधी गट हात लावत नाही. शाळेच्या पालक ग्रुपवर टाकली तर मुलं फॉर्म भरतात. शेतकरी गटावर टाकली तर ज्याच्या नावावर सातबारा आहे तो पुरुष भरतो. प्रत्येक ग्रुपला फॉर्मची वेगळी प्रत द्या, किंवा पहिलाच प्रश्न ठेवा: "ही लिंक तुम्हाला कुठून मिळाली?" ग्रुपमध्ये किती सदस्य आहेत तेही टिपा, नाहीतर प्रतिसादाचं प्रमाण काढता येणार नाही. पुढे पाठवत पाठवत लिंक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत जाते, म्हणून गाव आणि तालुका विचारा आणि बाहेरची उत्तरं वेगळी काढा.

लोक लिंक उघडतच नाहीत. काय करू?

ते उघडत नाहीत याचं मला बरं वाटतं. पीएम किसानच्या नावाने फसव्या एपीके फाइली (फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइली) व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या आणि लोकांची खाती रिकामी झाली. शहाणा माणूस अनोळखी लिंक दाबणार नाही. तुम्ही आधी गावात जा, चावडीवर ओळख करून द्या, महाविद्यालयाचं पत्र दाखवा, मार्गदर्शकाचा नंबर द्या. फॉर्मच्या वरच्या चार ओळींत तुम्ही कोण, कशासाठी विचारता, किती वेळ लागेल आणि उत्तरं कोण पाहणार, हे साध्या भाषेत लिहा.

आणि पाचवी ओळ ठळक लिहा: "हा फॉर्म कोणत्याही सरकारी योजनेचा नाही. भरल्याने पैसे, घरकुल किंवा कर्जमाफी मिळणार नाही आणि न भरल्याने काही थांबणार नाही." हे लिहिलं नाही तर लोक जमीन कमी सांगतात, कर्ज जास्त सांगतात. तो त्यांचा खोटेपणा नाही. आजवर जो कोणी माहिती विचारायला आला तो यादी करायलाच आला, हा त्यांचा अनुभव आहे.

किती प्रश्न असावेत?

दहा मिनिटांत भरून होतील इतके. साध्या फोनवर, उन्हात, अंगठ्याने भरून पाहा.

प्रश्नांची भाषा कशी असावी?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. इंग्रजी प्रश्नावली यंत्राकडून मराठी करून घेतलेले फॉर्म माझ्याकडे दर महिन्याला येतात. "आपल्या कुटुंबाचे वार्षिक सकल उत्पन्न किती?" याचं उत्तर कापूस-तूर पेरणाऱ्या माणसाकडे नसतं. कापूस किती क्विंटल झाला, भाव काय मिळाला, बी-खत-फवारणीला किती गेले, वेचणीला किती गेले, हे त्याला तोंडपाठ असतं. तेच विचारा आणि बेरीज-वजाबाकी तुम्ही करा.

"कुटुंब" हा शब्दही सरळ नाही. दोन भाऊ एका घरात राहतात, रेशनकार्ड एक आहे, चुली दोन आहेत. "एका चुलीवर जेवणारी माणसं किती?" असं विचारलं की गोंधळ मिटतो. जमिनीचं तसंच. स्वतःची, ठोक्याने (ठरावीक पैशांवर) घेतलेली, बटईची (पिकाच्या वाट्यावरची) आणि वनहक्काचा पट्टा, चारही वेगळे विचारा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि लोक एकरात बोलतात. एकक छापलं नाही तर एक जण "२" लिहितो, दुसरा "पाच एकर", तिसरा "२ हे.". एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणजे न छापलेल्या एका शब्दाने तुमची सरासरी अडीचपट चुकू शकते.

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली, "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत" अशी पाच पायऱ्यांची मापनश्रेणी सगळ्यांना आवडते. पण "अंशतः सहमत" असं गावात कोणी बोलत नाही. "पटतं, थोडं पटतं, पटत नाही, सांगता येत नाही" इतकं पुरतं. शिवाय पाहुण्याला नाही म्हणू नये म्हणून लोक सगळीकडे "सहमत" करतात, तेव्हा काही विधानं उलट बाजूने लिहा. "दवाखान्यात नीट वागणूक मिळते" याच्याबरोबर दूर कुठेतरी "दवाखान्यात आपल्याला ताटकळत ठेवतात" हेही असू द्या. दोन्हींवर "पटतं" आलं तर ते उत्तर जपून वापरा.

आणि आपल्याकडे मराठी ही सगळ्यांची मायबोली नाही. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू आहे, भामरागडकडे माडिया, गडचिरोली-चंद्रपुरात गोंडी, यवतमाळात कोलामी, तांड्यांवर गोरबोली. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली. मराठी फॉर्म त्यांच्यासाठी परक्या भाषेतला फॉर्म आहे. अशा ठिकाणी तिथल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीकडून प्रश्न त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्या. कोबोटूलबॉक्स या फॉर्म बनवायच्या साधनात प्रश्नाला ध्वनिफीत जोडता येते. त्या मुलीला कामाचे पैसे द्या आणि प्रबंधात तिचं श्रेय लिहा.

पायलट खरंच करावा लागतो का?

पायलट म्हणजे खऱ्या सर्वेक्षणाआधीची छोटी चाचणी, आणि ती करावीच लागते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३७ पासून बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी हाती घेतली, ती एकदम सगळ्या प्रांताची घेतली नाही. लहान भागात करून पाहिली, चुका आणि खर्च मोजला, मग दरवर्षी वाढवत नेली. तुम्ही निदान दहा जणांसमोर बसून फॉर्म भरून घ्या. बोट कुठे अडखळतं, प्रश्न कुठे दोनदा वाचला जातो, कुठे "म्हणजे काय?" विचारलं जातं, ते पाहा. घरी बसून केलेल्या पायलटमध्ये हे दिसत नाही.

वर्षातला कोणता काळ बरा?

जूनमध्ये पेरणी, सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची कापणी-मळणी, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी. या दिवसांत कोणी फॉर्म भरणार नाही, आणि भरलाच तर तो कामाला न जाणारा माणूस असेल. पूर्व विदर्भात धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये असते, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग तेंदूपत्ता. एप्रिलमध्ये वर्ध्याला मोकळीक असली तरी गडचिरोलीतल्या कोरचीत नसते. म्हणून दोन भागांची तुलना करायची असेल तर एकाच तारखेला लिंक सोडणं बरोबर वाटतं, पण तसं नसतं. दोन्हीकडचा मोकळा काळ शोधावा लागतो. दिवसाची वेळ मात्र सगळीकडे सारखी आहे: संध्याकाळी जेवणं झाल्यावर, साडेआठ ते दहा.

नेटवर्कच नसेल तर?

मेळघाटात, एटापल्ली-भामरागडच्या आतल्या गावांत अजूनही लोक रेंजसाठी उंचवट्यावर जातात. तिथे कोबोकलेक्ट किंवा ओडीके कलेक्ट ही नेटशिवाय चालणारी अ‍ॅप वापरा. फॉर्म आधीच अँड्रॉइड फोनमध्ये उतरवून न्या, उत्तरं नेटशिवाय साठवा, तालुक्याला आल्यावर पाठवा. फोनची बॅटरी आणि कागदी प्रश्नावलीच्या दहा प्रती सोबत ठेवा.

एकाच माणसाने दोनदा भरलं असेल तर कसं ओळखायचं?

वेळेचा रकाना पाहा. एका सेवा केंद्रातून अर्ध्या तासात ओळीने वीस फॉर्म आले असतील, सगळ्यांत "पटतं, पटतं, पटतं" असेल, तर ते बाजूला काढा आणि किती काढले ते लिहा. गूगल फॉर्ममध्ये "एकालाच एक उत्तर" ही सोय आहे, पण ती खात्यावर चालते. नवऱ्याने त्या फोनवरून एकदा भरलं की बायकोची वाट बंद होते. दुबार उत्तर टाळायला गेलात आणि घरातली बाईच गाळून बसलात, असं होतं. मी ती सोय बंद ठेवायला सांगते आणि तपासणी हाताने करायला लावते. रिचार्जचं बक्षीस ठेवलं तर दुबार उत्तरं वाढतात, तेही टाळा.

संमती घ्यायची म्हणजे "मी सहमत आहे" अशी चौकट ठेवली की झालं का?

चौकट हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी काही सवलत आहे. ती आहे म्हणून निष्काळजी होऊ नका. याच कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना सरळ लिंक पाठवू नका.

आधार, बँक खातं कधीही विचारू नका. मोबाइल नंबर फार गरज असेल तरच. नाव काढून टाकलं की ओळख गेली असं समजू नका. वीस घरांच्या पोडात बी.ए. करणारी एकच मुलगी असते. गाव, वय, जमात आणि शिक्षण हे चार रकाने एकत्र छापले की सगळ्या तालुक्याला ती कोण ते कळतं. तक्त्यात गावाऐवजी तालुका लिहा, वयाचे गट करा.

आणि एक विनंती, फार मनापासून. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरी लिंक पाठवू नका. असा फॉर्म मी पाहिला आहे, त्यात "मृत्यूचे कारण" या प्रश्नाला पाच पर्याय होते आणि एकावर खूण करायची होती. त्या घरातल्या बाईने ते वाचताना शेजारी कोणी नसेल, तर तुम्ही तिथे काय ठेवून आलात याचा विचार करा. असा विषय घ्यायचा असेल तर मार्गदर्शक, नीतिशास्त्र समिती आणि समुपदेशनाची सोय आधी, प्रश्न नंतर. आणि प्रश्न समोर बसून.

मराठी उत्तरं एक्सेलमध्ये चौकोन-चिन्हं दिसतात.

सीएसव्ही फाइल थेट दुहेरी क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून आणा आणि यूटीएफ-८ निवडा. किंवा गूगल शीटमधून एक्सएलएसएक्स म्हणून उतरवा.

प्रबंधात हे सगळं कसं लिहू? मर्यादा लिहिल्या तर गुण कमी होतील का?

मर्यादा लपवल्या तर कमी होतील, आणि व्हायलाच हवेत. लिंक कोणत्या तारखांना, किती ग्रुपवर, एकूण किती जणांपर्यंत गेली, किती जणांनी उघडून सोडून दिली, किती बाद केली आणि का, हे सगळं पद्धतीच्या प्रकरणात यावं. २००४ मध्ये आयझेनबाख यांनी वैद्यकीय क्षेत्रातल्या ऑनलाइन सर्वेक्षणांसाठी 'चेरीज' नावाची तपासयादी केली. सामाजिक संशोधनालाही ती बरीचशी लागू पडते, समोर ठेवून लिहा.

वाक्यं साधी हवीत. "विदर्भातील ६८ टक्के शेतकरी समाधानी आहेत" असं लिहू नका. "अमुक तालुक्यातल्या सात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून ज्यांनी फॉर्म भरला, त्यांच्यापैकी इतक्यांनी समाधान सांगितलं. त्यांत बहुतेक स्वतःचा फोन असलेले, दहावीच्या पुढे शिकलेले पुरुष होते" असं लिहा. वाक्य लांबतं, पण तोंडी परीक्षेत त्याच्यावर ठाम उभं राहता येतं.

निष्कर्ष गावाला सांगायचे का?

सांगायचेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. एक पान मराठीत छापून न्या, मोठ्याने वाचा, मग गप्प राहून ऐका. माझ्या एका विद्यार्थिनीचा मजुरीवरचा अभ्यास आम्ही असाच वाचून दाखवला होता. तक्त्यात वेचणीच्या रोजाची सरासरी होती. लिंकवर आलेले आकडे इतके वेडेवाकडे होते की टोकाचे आकडे काढून आम्ही कशीतरी ती सरासरी बसवली होती. मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायांतून एक जण उठली. "बाई, निंदणाचा रोज असते. वेचणी किलोवर राह्यते. तुम्ही रोज कायचा लिहिला?"

फॉर्ममध्ये "वेचणीची रोजची मजुरी" असाच रकाना होता. काहींनी किलोचा भाव लिहिला होता, काहींनी दिवसभराच्या वेचणीचे पैसे, काहींनी निंदणाचा रोज. त्या विद्यार्थिनीने तिथेच, सभेत उभ्या उभ्या, वहीत दोन रकाने आखले, एक किलोच्या भावाचा आणि एक दिवसाला किती किलो वेचले त्याचा, आणि त्या बाईपाशी जाऊन बसली.